पक्षी पाहायला आपण का जात नाही?

वस्तीत रक्तदाब आणि साखरेची तपासणी झाली की जवळजवळ प्रत्येकाच्या कागदावर एक वाक्य येते : रोज अर्धा तास चाला. वाक्य बरोबर आहे. मोठ्या माणसाने आठवड्याला किमान १५० मिनिटे तरी अंगाला घाम येईल इतके चालावे, असे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. पण तो कागद घेऊन बाई घरी येते तेव्हा तिच्यासमोर चार फुटांची गल्ली असते. गल्लीत गटार, पाण्याची पिंपे, उभ्या केलेल्या दुचाक्या. मोठ्या रस्त्यावर फुटपाथ नाही, मैदानात पोरांचे क्रिकेट चालू. चालायचे कुठे, हे कागदावर लिहिलेले नसते. आठ दिवस कसेबसे चालून ती थांबते आणि पुढच्या तपासणीला बोलणी तिलाच बसतात.

आम्ही परिचारिका म्हणून नोकरी केली आणि आता वस्त्यांत आरोग्याचे काम करतो. आमचे मत असे झाले आहे की माणूस नियमाने चालावा यासाठी दोन गोष्टी लागतात. एक मोकळी जागा आणि दुसरे, घराबाहेर पडायला काहीतरी निमित्त. मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईतल्या आपल्या कितीतरी वस्त्यांच्या शेजारीच या दोन्ही गोष्टी आहेत. खाडी आहे आणि खाडीवर पक्षी आहेत. तरी पक्षी पाहायला जाणे हे आपले काम आहे असे आपल्याकडे कोणी समजत नाही. कॅमेरेवाल्यांचा, गाडीवाल्यांचा तो छंद, असे आपण धरून चालतो. हे धरून चालणे सोडले पाहिजे, एवढेच या लेखात सांगायचे आहे.

खाडीच्या काठावर राहते कोण?

ठाणे खाडीचा काठ डोळ्यांसमोर आणा. शिवडी, ट्रॉम्बे, मानखुर्द, गोवंडी, द्रुतगती मार्गाला लागून असलेले घाटकोपरचे रमाबाई आंबेडकर नगर, पुढे विक्रोळी, कांजूरमार्ग, भांडुप, मुलुंड. पलीकडच्या काठाला वाशी, कोपरखैरणे, ऐरोली, कळवा. यांतल्या किती ठिकाणी आपली माणसे राहतात हे वाचकांना सांगायला नको.

याच खाडीचा सुमारे १७ चौरस किलोमीटरचा भाग राज्य सरकारने २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर केला. २०२२ मध्ये त्याचे नाव रामसर यादीत गेले. जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांची ही यादी आहे. साधारण नोव्हेंबरपासून मे महिन्यापर्यंत इथे फ्लेमिंगो असतात. मराठीत यांना रोहित किंवा अग्निपंख म्हणतात. गुजरातेत कच्छच्या रणात ते अंडी घालतात आणि चाऱ्यासाठी इकडे येतात. काही वर्षांच्या मोजणीत खाडीवरचा त्यांचा आकडा एक लाखाच्या वर गेला आहे. त्यांत दोन जाती आहेत. मोठा रोहित उंच आणि फिकट, त्याची चोच गुलाबी आणि टोकाला काळी. लहान रोहित बुटका, जास्त गुलाबी आणि गडद लाल चोचीचा. लहान रोहिताचे खाणे म्हणजे चिखलातले सूक्ष्म शेवाळ, आणि अंगाचा गुलाबी रंग त्यांना खाण्यातूनच मिळतो. शहराचे सांडपाणी खाडीत जाते त्यामुळे हे शेवाळ वाढते, असे अभ्यासक सांगतात.

२० मे २०२४ च्या रात्री घाटकोपर पूर्वेला फ्लेमिंगोंच्या थव्याला विमानाची धडक बसली. लक्ष्मी नगर परिसरात चाळीसच्या आसपास पक्षी मरून पडले. बातम्या आल्या, फोटो फिरले. त्यानंतर वस्तीतल्या बायकांशी बोलताना आमच्या लक्षात आले की अनेकींनी हा पक्षी जवळून पाहिला तो पहिल्यांदाच, आणि तोही मेलेला. खाडी त्यांच्या घरापासून द्रुतगती मार्ग ओलांडला की लागते. तिथे जिवंत पक्षी वर्षातून सहा महिने उभे असतात, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

तब्येतीला काय मिळते?

पक्षी पाहण्याने साखर बरी होते असे आम्ही म्हणणार नाही. गोळ्या गोळ्यांच्या जागी आहेत. पण पक्षी पाहायला गेलेला माणूस दोन-तीन तास उभा असतो, चालतो, मान वळवतो, थांबून पुन्हा चालतो, आणि आपण व्यायाम करतो आहोत हे त्याच्या ध्यानीमनीही नसते. एकटीने चालायला लाजणारी बाई दहाजणींच्या घोळक्यात बिनधास्त चालते. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनाही हे जमते, कारण इथे पळायचे नसते. पाहत पाहत चालणे संथ असते, म्हणून स्टेशनपासून काठापर्यंतचे अंतर रिक्षा न करता भरभर चालावे. खरा व्यायाम त्यात होतो.

मुलांच्या डोळ्यांचा मुद्दा वेगळा आहे. दहा बाय बाराच्या खोलीत मोबाइल घेऊन बसणाऱ्या मुलांना लवकर चष्मा लागतो. बाहेर उजेडात रोज वेळ घालवणाऱ्या मुलांमध्ये लांबचे अंधुक दिसण्याचे प्रमाण कमी असते, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसले आहे. लांबचा पक्षी शोधताना मूल तासभर लांब पाहते. शाळेत फळा दिसत नाही हे न सांगणारे मूल इथे उघडे पडते. सगळ्यांना दिसणारी घार त्याला दिसत नसेल तर त्याचे डोळे तपासून घ्या.

मनाचेही तसेच. लंडनच्या किंग्ज कॉलेजने २०२२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. १२९२ जणांनी मोबाइलवर दिवसातून काही वेळा आपली मनःस्थिती नोंदवली. पक्षी दिसले किंवा ऐकू आले तेव्हा त्यांना बरे वाटत होते आणि तो परिणाम काही तास टिकत होता. उदासीचा आजार असलेल्यांतही हेच दिसले. घरात दारू, कर्जाचे हप्ते, रात्रपाळी, पाडकामाची नोटीस असे सगळे असताना बायका आमच्याकडे येतात त्या ‘झोप लागत नाही, छाती धडधडते’ असे सांगत. त्यांच्या अडचणी पक्ष्यांनी सुटत नाहीत. पण आठवड्यातून दोन तास तरी कोणी त्यांच्याकडून काही मागत नाही अशी जागा त्यांना हवी आहे, आणि ती औषधाइतकीच गरजेची आहे.

मग आडवे काय येते?

‘आधी पोटाचे बघा, मग पक्ष्यांचे’ असे आपल्यातलेच काहीजण म्हणतात. यात तथ्य आहे. ज्या घरात रविवारीही कामाला जावे लागते तिथे सकाळी सहाला खाडीवर कोण जाणार? पण हाच नियम लावला तर आपल्या वाट्याला गोळ्या तेवढ्या येतील आणि मोकळी हवा दुसऱ्यांच्या. आपण लग्नाला, जत्रेला, मॉलमध्ये जातो, त्याला पैसे आणि वेळ काढतो. खाडीला लोकलच्या तिकिटापलीकडे फारसा खर्च नाही.

दुसरी अडचण सहली काढणाऱ्यांकडून येते. आमच्यातल्या दोघी एका गटाच्या सहलीला गेल्या होत्या. माणशी फी एका दिवसाच्या मजुरीइतकी होती. जमायची जागा अशी की गाडी असेल तरच पहाटे पोहोचता यावे. पक्ष्यांची नावे सगळी इंग्रजीत. आमच्या एकीने ‘ही ढोकरी ना?’ असे विचारले तर सांगणाऱ्याला तो शब्दच कळला नाही. कोणी वाईट वागले नाही, पण पुन्हा जावेसे वाटले नाही. आणि तीन तासांत कुठेही शौचालय नव्हते. पुरुष झाडाआड जातात. बायका आदल्या रात्रीपासून पाणी पीत नाहीत, उन्हात चक्कर येते, नंतर लघवीला जळजळ होते. सहलीच्या पत्रकात दुर्बिणीचा उल्लेख असतो, शौचालयाचा नसतो.

तिसरी अडचण मनातली. काठावर वस्तीतली पोरे दिसली की ‘इथे काय करता?’ असे विचारले जाते. गळ्यात कॅमेरा असलेल्याला कोणी विचारत नाही. वस्त्यांमुळे खाडी घाण झाली हेही आपण वर्षानुवर्षे ऐकतो. शहराचा कचरा देवनारला १९२७ पासून पडत आला, तो आपल्या घरचा नव्हता.

सहली कशा कळतात?

मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी ही १८८३ पासूनची संस्था आहे. फोर्टमध्ये तिचे कार्यालय आहे आणि गोरेगावला फिल्म सिटीजवळ शिक्षण केंद्र. ती निसर्गफेऱ्या काढते. वन विभागाच्या कांदळवन कक्षाचे ऐरोलीला किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. तिथून भरतीच्या वेळा पाहून फ्लेमिंगो दाखवणारी बोट सुटते. बोटीचे तिकीट कुटुंबाला जड जाते, पण केंद्र आणि कांदळवनातली वाट बोटीशिवायही पाहण्यासारखी आहे. शाळेच्या किंवा मंडळाच्या गटासाठी सवलत मिळेल का, हे लेखी पत्र देऊन विचारावे. तोंडी विचारणाऱ्याला बहुतेक वेळा तोंडीच नकार मिळतो.

वर्षातले काही दिवस लक्षात ठेवा. राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो. ५ नोव्हेंबर हा सोलापुरात जन्मलेले वनाधिकारी आणि लेखक मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस, १२ नोव्हेंबर हा पक्षितज्ज्ञ सलीम अली यांचा. या आठवड्यात वन विभाग, महाविद्यालये आणि पक्षिमित्र मंडळे जागोजागी कार्यक्रम घेतात आणि त्यांतले बरेच विनामूल्य असतात. २ फेब्रुवारी हा पाणथळ भूमी दिन. फेब्रुवारीतच जगभर चार दिवस घराजवळचे पक्षी मोजतात, त्यात कोणालाही भाग घेता येतो. मे आणि ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी स्थलांतरित पक्षी दिन असतो. जवळच्या महाविद्यालयात निसर्ग मंडळ असेल तर तिथल्या आपल्या मुला-मुलींना विचारा. सहलीची खबर त्यांच्याकडे आधी येते.

मोबाइल असेल तर ‘ई-बर्ड’ उघडा. त्याच्या नकाशावर आपल्या घराजवळच्या पक्ष्यांच्या जागा आणि तिथे अलीकडे काय दिसले ते कळते. ‘मर्लिन’ हे दुसरे ॲप आवाज ऐकून किंवा फोटो पाहून पक्ष्याचे नाव सुचवते. दोन्ही विनामूल्य आहेत. दहावी-बारावीतली मुले दहा मिनिटांत शिकतील आणि आजीलाही शिकवतील.

सहलीला नाव देण्याआधी पाच प्रश्न विचारा. फी किती? जमायचे कुठे आणि तिथे पहिल्या लोकलने पोहोचता येते का? मराठीत सांगणारे कोणी आहे का? शौचालय आहे का? मूल आणले तर चालेल का? पाच गटांनी पाच वेळा हे विचारले की सहलीच्या पत्रकात याची उत्तरे छापून येऊ लागतील.

जवळच्या जागा

हार्बर लाइनवाल्यांना शिवडी. स्टेशनच्या पूर्वेला उतरून जेट्टीकडे चालत जायचे. समोर चिखलाचे मैदान पसरलेले असते. फ्लेमिंगोंखेरीज तिथे शेकाटे, तुतवार, कुरव, बगळे दिसतात.

धारावी, माहीम, शीवच्या लोकांना महाराष्ट्र निसर्ग उद्यान. जिथे एके काळी मुंबईचा कचरा टाकत होते त्या ३७ एकरांवर झाडे लावून १९९४ मध्ये ते लोकांसाठी उघडले. दाट सावली, बसायला जागा, त्यामुळे म्हाताऱ्या माणसांना आणि लहान मुलांना पहिल्या खेपेला हेच बरे. तांबट, दयाळ, भारद्वाज, शिंजीर, हळद्या इथे शोधावेत.

भांडुप, कांजूर, विक्रोळी, मुलुंडवाल्यांना भांडुप पंपिंग स्टेशनचा रस्ता. कांदळवन, मिठागरे आणि गवत एकाच ठिकाणी असल्यामुळे इथे जाती भरपूर दिसतात. फाटकावरच्या रखवालदाराला आधी विचारून घ्यावे. नेरूळ-सीवूड्सकडे डीपीएस तलाव आहे. खाडी भरली की फ्लेमिंगो तिथे येऊन उभे राहतात. बोरिवलीला राष्ट्रीय उद्यान, ठाण्याला येऊर आणि पनवेलच्या पुढे महामार्गावरच कर्नाळा, ही रानातल्या पक्ष्यांची ठिकाणे.

मुंबईबाहेरच्या वाचकांकडेही जागा आहेत. नाशिकला निफाड तालुक्यातले नांदूर मध्यमेश्वर, राज्यातली पहिली रामसर जागा. पुण्याला पाषाण तलाव, लोणी काळभोरजवळ कवडीपाट आणि लांब जायचे तर भिगवण. छत्रपती संभाजीनगरला सलीम अली सरोवर आणि जायकवाडी. नागपूरला अंबाझरी, फुटाळा, गोरेवाडा.

भरतीची वेळ

खाडीवर वेळ चुकली तर काही दिसत नाही आणि लोक ‘उगाच आलो’ म्हणून परततात. पूर्ण ओहोटीला पक्षी लांब चिखलात ठिपक्यांसारखे दिसतात. पूर्ण भरतीला चिखल बुडतो आणि ते उडून जातात. पाणी चढत असताना, भरतीच्या दोन-तीन तास आधी, ते काठाकडे सरकतात. पाणी उतरू लागल्यावर दोन-तीन तासांनीही तसेच. हिशेब सोपा आहे. मुंबईत पौर्णिमेला आणि अमावास्येला पूर्ण भरती दुपारी बाराच्या सुमारास असते. नंतर रोज ती पाऊण तासाने पुढे जाते. अष्टमीला भरती सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या आसपास येते. पौर्णिमा आपल्या घरात लक्षात असतेच. त्या दिवशी सकाळी साडेआठ-नऊला शिवडीला पोहोचले की पक्षी समोर असतात.

जाताना हे सांभाळा

पाण्याची बाटली, टोपी किंवा पदर, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि बंद चपला. मधुमेहाच्या रुग्णांनी न्याहारी करूनच निघावे आणि खिशात साखर किंवा गोळ्या-बिस्किटे ठेवावीत. इन्सुलिन किंवा साखरेची गोळी घेतली आणि खाल्ले नाही तर वाटेत साखर उतरते. दम्याच्या रुग्णांनी पंप जवळ ठेवावा आणि कचरा डेपोच्या बाजूचा काठ टाळावा. चिखलात उतरू नये, तो पाय धरतो. पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात मुळीच जाऊ नये. मेलेला किंवा आजारी पक्षी हाताने उचलू नये, मुलांना उचलू देऊ नये आणि वन विभागाला कळवावे. दुर्बिणीतून सूर्याकडे कधीही पाहू नये, डोळा कायमचा जाऊ शकतो. कबुतरांना दाणे टाकणे म्हणजे पक्षिनिरीक्षण नव्हे. त्यांच्या विष्ठेच्या धुळीने फुप्फुसांचा चिवट आजार होतो.

दुर्बीण नाही म्हणून अडून राहू नका. बगळा, खंड्या, घार, पाणकावळा उघड्या डोळ्यांनी दिसतात. ‘८ बाय ४२’ अशी खूण असलेली साधी दुर्बीण चार-पाच हजारांच्या पुढे मिळते. एका घराला ती परवडत नाही, पण बचत गटातल्या वीसजणींनी मिळून घेतली तर वस्तीला पुरते.

आमच्या मागण्या

वन विभाग आणि महापालिकेकडे आमचे मागणे आहे की अभयारण्याच्या काठावर जिथे लोक पक्षी पाहायला जमतात तिथे शौचालय, पिण्याचे पाणी आणि मराठी पाट्या असाव्यात. काठावरच्या महापालिका शाळांतल्या प्रत्येक मुलाला वर्षातून एकदा तरी ही खाडी दाखवावी. सहली काढणाऱ्या मंडळांना सांगणे आहे की वर्षातल्या दोन-चार फेऱ्या वस्तीतून निघू द्या, बिनफीच्या ठेवा आणि आमच्या आजींकडून पक्ष्यांची जुनी नावेही लिहून घ्या. आणि डॉक्टरांना विनंती आहे की ‘चाला’ असे लिहिताना जवळच्या एका जागेचे नावही लिहा.

आपल्या लोकांकडे मागणे लहान आहे. महिन्यातला एक रविवार ठरवा. विहारात किंवा महिला मंडळाच्या खोलीपाशी सकाळी जमा, दहा-बारा जणांपेक्षा जास्त नकोत. एक वही घ्या. तारीख, वेळ, जागा, काय दिसले आणि किती, एवढे त्यात लिहा. पहिल्या दिवशी पाचच नावे झाली तरी चालेल. ज्यांना नाव आठवत नाही त्यांनी रंग, चोच आणि पाय लिहावेत, नाव नंतर सापडते. निघण्याआधी ज्यांना हवा त्यांचा रक्तदाब मोजून त्याच वहीत लिहून ठेवा आणि सहा महिन्यांनी पुन्हा पाहा. पहिल्या फेरीला कोणती जागा घ्यावी हे ठरत नसेल तर वर दिलेल्या यादीतली सर्वांत जवळची घ्या आणि भरतीची वेळ बघून निघा.